मूल नैराश्यात आहे आणि मॅडम म्हणतात, सगळं घर घेऊन या

मोरपंखी_नाशिक

माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. दिवाळीनंतर त्याने क्रिकेटला जाणं सोडलं. मित्रांशी बिनसलं असेल असं आम्हाला वाटलं. मग पोटदुखी सुरू झाली. बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करून घेतलं, काही निघालं नाही. चिडचिड इतकी की धाकट्या बहिणीने त्याच्या कंपासला हात लावला तरी आरडाओरडा, आणि नंतर तासभर पांघरुणात तोंड खुपसून पडून राहायचं. एका रात्री म्हणाला, "मी नसतो तर तुमची भांडणं झाली नसती." त्या वाक्यानंतर मी थांबले नाही. बालरोगतज्ज्ञांनीच मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं. मध्यम स्वरूपाचं नैराश्य आहे, गोळ्यांची घाई नको, आधी बोलून उपचार करू, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांच्याकडच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलं आहे. सगळे म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगीसुद्धा. त्यावरून घरात वादळ झालंय. नवरा म्हणतो, "बरं त्याला नाही, मग आपण तिथे जाऊन काय करायचं?" सासूबाईंना वाटतंय की तिथे बसवून आपल्याला दोष देणार. त्या नातवासाठी जीव टाकतात, त्यामुळे त्यांना ते फार लागलंय.

कुणी या उपचारातून गेलं आहे का? तिथे नेमकं काय होतं? खरंच उपयोग होतो का? आणि आठ वर्षांच्या मुलीला न्यावं का? ती घाबरेल अशी भीती वाटते.

रानजाई

ताई, बालरोगतज्ज्ञांनी वेळेवर योग्य दार दाखवलं हे फार चांगलं झालं. माझ्या भाच्याच्या पोटदुखीमागे काय आहे हे कळेपर्यंत दुसरं वर्ष उजाडलं होतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निरभ्र

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्याबरोबरच काम करते. तुमच्या मुलाला न पाहता त्याच्याबद्दल काही सांगणार नाही. पण तुमच्या मॅडमनी सगळ्यांना का बोलावलं असेल आणि तिथे काय होतं, हे सविस्तर लिहिते. मोठं होईल, पण हा विषय दोन ओळींत सांगून कुणाचंच समाधान होत नाही.

आधी सासूबाईंच्या मनातल्या दोषाबद्दल, कारण बहुतेक घरं याच उंबऱ्यावर अडतात. मुलाला नैराश्य येण्यामागे बऱ्याच गोष्टी असतात. आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, शाळेतला छळ असतो, एखादा मृत्यू किंवा स्थलांतर असतं, आणि कित्येकदा एकच एक कारण सापडतच नाही. घरच्यांना बोलावण्याचा अर्थ घरच्यांनी आजार आणला असा नसतो. मूल मॅडमसमोर आठवड्यातून तास-पाऊण तास बसणार. बाकी सगळा वेळ ते तुमच्यात असणार. त्या सगळ्या वेळाचा उपयोग करून घ्यायचा, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

आता आजार घरात कसा वावरतो ते पाहा. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की ते उदास दिसतं. मुलांमध्ये कित्येकदा उदासीपेक्षा चिडचिडच पुढे येते, आणि निदानाच्या निकषांमध्येही मुलांच्या बाबतीत उदासीऐवजी चिडचिड हे मुख्य लक्षण म्हणून धरता येतं. उदास मुलाला आपण जवळ घेतो, चिडक्या मुलाला रागावतो. मूल खेकसतं, आई रागावते, बाबा वरून आणखी आवाज चढवतात, आजी मध्ये पडते, मग आई आणि आजीत शब्दाला शब्द लागतो. मूल खोलीत जाऊन पडतं आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की हे सगळं माझ्यामुळे. तुमच्या मुलाचं ते रात्रीचं वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी ते आणखी चिडलेलं उठतं. या चक्रात पहिलं कोण हे शोधण्यात काही हशील नाही. ते कुठे तोडता येईल हे शोधण्यात आहे.

घरातल्या बोलण्याचा आजाराशी संबंध असतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या कामातून पुढे आलं. १९५० च्या दशकापासून त्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग ठेवला. ज्या घरांत टीका, वैर किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. ते काम स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराच्या, रुग्णांवर होतं, पण पुढे नैराश्यातही असाच संबंध दिसून आला. यात गुदमरवणारी काळजीही आहे, हे लक्षात घ्या. आणि टीका बऱ्याचदा दमलेल्या, घाबरलेल्या माणसाकडून येते. आजारी मुलाला सांभाळून सांभाळून आईबापच थकतात, हे आम्हाला चांगलं माहीत असतं.

प्रत्यक्ष काय होतं? पद्धतीनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण असं. पहिल्यांदा सगळे एकत्र. आजार म्हणजे काय हे मुलाला समजेल अशा भाषेत सांगितलं जातं, म्हणजे "तो आळशी झालाय" हे घरातलं स्पष्टीकरण सगळ्यांसमोरच बाजूला पडतं. मग काही वेळ मुलाबरोबर एकट्याने, काही वेळ आईवडिलांबरोबर. त्यानंतर गेल्या आठवड्यातला एखादा खराखुरा प्रसंग घेतात, समजा गृहपाठावरून झालेली रडारड, आणि तो फळ्यावर पायरी पायरीने मांडतात. कोण काय म्हणालं, त्या क्षणी कुणाला काय वाटलं, त्यावर कोण काय करून बसलं. आईला राग आलेला दिसला, पण आत तिला भीती वाटत होती, हे मुलाला बहुधा तिथेच पहिल्यांदा कळतं.

पुढच्या सत्रांमध्ये काही साध्या गोष्टींचा सराव असतो, आणि तो खोलीतच, सगळ्यांसमोर करायचा असतो. चांगलं काही दिसलं की नेमकं काय आवडलं ते सांगायचं. नुसतं "शहाणा आहेस" म्हणायचं नाही, "बहिणीला आधी ताट दिलंस ते मला आवडलं" असं म्हणायचं. दुसऱ्याचं ऐकताना उत्तर तयार करायचं नाही. ऐकून झाल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि "हेच म्हणायचं होतं का?" असं विचारायचं. तक्रार विनंतीच्या रूपात मांडायची. एखादी अडचण सगळ्यांनी मिळून सोडवायची, त्यात मुलाने सुचवलेले उपायसुद्धा कागदावर लिहायचे, मग ते कितीही अचाट असोत. शिवाय आठवड्यात एकदा तरी एकत्र काहीतरी मजेचं करायचं. नैराश्यात मूल आवडत्या गोष्टी सोडत जातं, त्यामुळे हे औषधासारखं ठरवून करावं लागतं. वाचताना हे किरकोळ वाटतं. भांडण तापलेलं असताना करून पाहा, मग ते किती अवघड आहे हे कळतं. म्हणून तर सराव.

उपयोग होतो का? तुमच्या मुलाच्या वयाची चाचणी सांगते. मार्था टॉम्पसन आणि जोन असारनाउ यांनी अमेरिकेत बॉस्टन आणि लॉस एंजेलिस इथे ७ ते १४ वर्षांच्या १३४ नैराश्यग्रस्त मुलांवर ती केली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना कुटुंबासह उपचार, निम्म्यांना एकट्याने आधार देणारी समुपदेशनाची सत्रं. कुटुंबासह उपचारांत ७७.७ टक्के मुलांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, एकट्याच्या सत्रांत ५९.९ टक्के मुलांची. याआधी २०१५ मध्ये पिट्सबर्गला लॉरा डिएट्झ यांनी ७ ते १२ वर्षांच्या ४२ मुलांवर पालकांना सामील करून घेणारी आणखी एक पद्धत तपासली होती. तिथेही मुलाला एकट्याने दिलेल्या उपचारापेक्षा पालकांसहचा उपचार उजवा ठरला. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९ मध्ये ५ ते ११ वर्षांच्या मुलांच्या मध्यम-तीव्र नैराश्यासाठी जे पर्याय सुचवले, त्यात कौटुंबिक उपचार स्पष्टपणे आहेत. तुमच्या मॅडम काही जगावेगळं सांगत नाहीत.

आणि हे परदेशी खूळ आहे असं घरात कुणी म्हणालं तर अमृतसरची गोष्ट सांगा. १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी तिथल्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. माणूस रुग्णालयात टाकून निघून जायची रीत त्यांनी मोडली. नातेवाईक आजार जवळून पाहायचे, शिकायचे आणि आपल्या माणसाला घेऊन घरी जायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही रुग्णाबरोबर घरच्यांनी राहायचं ही पद्धत त्याच दशकात रुजली. घराला उपचारात धरून ठेवण्यात भारतातले डॉक्टर त्या काळी जगाच्या पुढे होते.

मुलीला न्या. घरात काहीतरी बिघडलंय हे तिला माहीतच आहे. आपण दादाचा कंपास घेतला म्हणून हे झालं, असं ती मनाशी धरून बसलेली असू शकते. आठ वर्षांची मुलं असंच जोडतात. दादा आजारी आहे आणि ते तिच्यामुळे झालेलं नाही, हे तिला एका मोठ्या माणसाकडून ऐकू द्या.

गणिती_सातारा

निरभ्र, प्रतिसाद उत्तम, पण दोन शंका आहेत. एक, एका गटातल्या पालकांना सत्रांमध्ये बसवलं, त्यांना आशा वाटली, म्हणून त्यांनी गुण चांगले दिले, असं नसेल का? दोन, हा फरक टिकतो का? मुलांच्या आरोग्याच्या बाबतीत ७७ आणि ५९ असे आकडे वाचून लोक धावतात, म्हणून विचारतोय. माझ्या मुलीच्या बाबतीत मलाही असा निर्णय घ्यावा लागणार आहे. ती पंधराची आहे.

निरभ्र

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. गुण पालक देत नाहीत. प्रशिक्षित मुलाखतकार मुलाशी आणि पालकांशी बोलून ठरलेल्या मोजपट्टीवर देतो, आणि मूल कोणत्या गटात आहे हे त्याला सांगितलेलं नसतं. तरीही पालकांच्या आशेचा परिणाम त्यांच्या उत्तरांवर पूर्ण पुसता येत नाही, हे मान्य. टिकण्याबद्दल सांगायचं तर त्याच मुलांना वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतली साधारण तीन चतुर्थांश मुलं बरी झालेली होती, गटांमधला फरक मिटलेला होता. म्हणजे कुटुंबासह उपचारांनी जास्त मुलं लवकर सुधारली, आणि दुसरा गटही पुढे तिथवर पोचला. मला स्वतःला ते "लवकर" फार मोलाचं वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाची सहा महिन्यांची शाळा, मैत्री, झोप हे त्या लवकरमध्ये वाचतं. पण कुटुंबाशिवाय गत्यंतरच नाही असा दावा मी करणार नाही. कुणाचे वडील जहाजावर असतात, कुणाची आई एकटी आहे आणि तिला सुट्टी मिळत नाही, त्यांची मुलंही बरी होतात.

पंधराव्या वर्षी चित्र थोडं बदलतं. 'नाइस'च्या २०१९ च्या सूचनांमध्ये १२ ते १८ वयाच्या मध्यम-तीव्र नैराश्यासाठी आधी एकट्याने घ्यायची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, आणि ती लागू पडत नसेल तर कौटुंबिक उपचारांसह बाकीचे पर्याय असा क्रम आहे. किशोरांसाठी फिलाडेल्फियात गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी नात्यातला विश्वास दुरुस्त करण्यावर भर देणारी एक कौटुंबिक पद्धत उभी केली. २०१० मध्ये आत्महत्येचे विचार असलेल्या १२ ते १७ वयाच्या ६६ मुलामुलींवरच्या चाचणीत ती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. २०१९ मध्ये १२९ जणांवर मोठी चाचणी झाली, त्यात दोन्ही गट सुधारले आणि दोघांमध्ये फरक दिसला नाही. हेही सांगायलाच हवं.

औषधांबद्दलही लिहिते, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींमध्ये फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि सीबीटी एकत्र दिल्यावर ७१ टक्के सुधारले, नुसत्या फ्लुऑक्सेटिनने साधारण ६१, नुसत्या सीबीटीने ४३, आणि औषध नसलेल्या गोळीने ३५. तीव्र नैराश्यात डॉक्टर गोळी सुचवत असतील तर "आम्ही बोलून बरं करू" म्हणून ती टाळू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे बारीक लक्ष ठेवायला सांगतात, ते मात्र काटेकोर पाळा.

पंचगंगा_काठ

मुलगी चौदाची असताना आम्ही यातून गेलो आहोत, म्हणून बापाच्या बाजूने लिहितो.

मला वाटत होतं, आम्हाला काहीतरी समजावून सांगतील, भाषण देतील. तसं काही झालं नाही. समुपदेशक सरांनी मुलीचं थोडं ऐकलं आणि मग तिला विचारलं, "इतकं वाईट वाटत होतं, तेव्हा आई-बाबांकडे का गेली नाहीस? काय आडवं आलं?" आम्ही दोघं समोर बसलेलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पांचा कारखाना बंद झाला होता. आई रात्री स्वयंपाकघरात रडायची. त्यात माझं कुठे सांगू?"

माझी नोकरी गेलेली तिला नीट कळली नसेल असंच आम्ही धरून चाललो होतो. पोरीने सगळं पाहिलं होतं आणि आम्हाला त्रास नको म्हणून स्वतःचं गिळून टाकलं होतं. सरांनी मला लगेच काही बोलू दिलं नाही. हात वर करून "थांबा" म्हणाले आणि तिला अजून बोलतं केलं. माझ्या तोंडावर "अगं पण आम्ही तर" हे शब्द आलेले. ते अडवले म्हणून ती पुढचं बोलली.

त्याआधी आम्हा दोघा नवरा-बायकोला वेगळं बोलावून बरंच विचारलं होतं. तुमच्या लहानपणी तुम्ही दुःखी असताना तुमच्या घरात काय व्हायचं, हाही प्रश्न होता. आमच्या घरात पोरगा रडला की आजोबा हसायचे, एवढं मला आठवलं. सर म्हणाले, म्हणजे हे कसं करायचं ते तुम्हाला कुणी दाखवलंच नाही, आपण इथे शिकू. मला ते फार बरं वाटलं. मोरपंखीताई, तुमच्या मिस्टरांना माझा प्रतिसाद वाचायला द्या. बापांना वाटतं तिथे आपली उलटतपासणी होणार. मला तिथे काम मिळालं. मुलीला रोज संध्याकाळी क्लासवरून आणायचं आणि वाटेत तिने विषय काढला तरच बोलायचं, हे माझ्याकडे होतं. पहिले कित्येक दिवस ती काहीच बोलली नाही. मग एकदा रंकाळ्याच्या वळणावर सुरू झाली ती घर येईपर्यंत.

सावनी_

मी हा उपचार मूल म्हणून घेतलेला आहे. तेव्हा तेरा वर्षांची होते, आता नोकरी करते. मोठ्यांच्या प्रतिसादांत मुलांची बाजू राहून जाते म्हणून लिहितेय.

खोलीत जे बोललं जातं ते घरी जाताना रिक्षात उगाळू नका. "तू असं का म्हणालीस मॅडमना?" हा प्रश्न एकदा जरी आला तरी पुढच्या वेळी मूल तोंड उघडणार नाही. मावशीला, काकूला, शेजारी फोन करून सांगू नका. मी काय बोलले ते माझ्या मावसबहिणीला ठाऊक आहे, हे मला एका लग्नात कळलं. त्यानंतर मी दोन सत्रं नुसती बसून राहिले. मॅडमनी एक सत्र फक्त त्याच गोष्टीसाठी दिलं. काय बाहेर सांगायचं, कुणाला, आणि ते आधी मला विचारून, हे सगळं लिहून काढलं आणि आई-बाबांनी त्यावर सह्या केल्या. माझ्यासाठी ती सही फार मोठी होती.

एकट्याने बोलायला वेळ मागा, मुलाने मागितला नाही तरी. काही गोष्टी आईसमोर पहिल्यांदा सांगता येत नाहीत. त्या आधी मॅडमना सांगून, कशा सांगायच्या ते ठरवून, मग आईसमोर सांगता येतात. माझं तसंच झालं.

आणि घरातलं वागणं बदललं तर मुलाला ते लगेच खरं वाटत नाही. बाबा अचानक शांतपणे ऐकायला लागले तेव्हा मला वाटलं हे मॅडमना दाखवायला चाललंय. म्हणून मी मुद्दाम खेकसून पाहायचे. तरी ते ऐकत राहिले. मोरपंखी, तुमचा मुलगाही कदाचित असं तपासून पाहील. तेव्हा सोडू नका.

गणिती_सातारा

सावनी, सह्यांचा कागद ही गोष्ट मी घेऊन जाणार आहे. मनापासून आभार.

वॉर्ड_क्रमांक_नको

सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. तीन-चार गोष्टी राहिल्यात, त्या सांगते.

सगळ्यांना एकत्र बसवणं नेहमीच योग्य नसतं. घरात मारहाण असेल, दारू पिऊन धिंगाणा असेल, तर मुलाला त्या माणसासमोर मन मोकळं करायला लावणं धोक्याचं आहे. सत्रात बोललेल्याची किंमत ते रात्री घरी चुकवतं. आम्ही अशा वेळी आधी मूल सुरक्षित आहे का ते बघतो, वेगवेगळं बोलतो, आणि एकत्र बसवणं लांबणीवर टाकतो. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशक ती गुप्त ठेवू शकत नाहीत, हे पालकांनाही माहीत असावं.

दुसरं, आईची तब्येत. आमच्याकडे मुलाला घेऊन येणाऱ्या कितीतरी आया स्वतः नैराश्यात असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. २००६ मध्ये अमेरिकेत मर्ना वाइसमन यांच्या गटाने दाखवलं की नैराश्यातल्या आया उपचारांनी बऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांचे मानसिक त्रासही कमी झाले, आणि मुलांना वेगळा उपचार त्या अभ्यासात दिलेला नव्हता. सेंट लुईसमध्ये जोन लुबी यांनी ३ ते ६ वर्षांच्या २२९ मुलांवर पालकांना शिकवत घ्यायचा उपचार तपासला, २०१८ मध्ये आला. त्यात मुलांबरोबर पालकांचं नैराश्यही उतरलं. मोरपंखीताई, तुम्ही स्वतः झोपता का, जेवता का, हे तुमच्या मॅडमना सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

तिसरं, "मी नसतो तर" हे वाक्य. असं मूल बोललं की ते हलकं घेऊ नये, आणि त्याला त्याबद्दल सरळ विचारावं. "मरून जावं असं वाटतं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला मोकळं वाटतं. घरातल्या गोळ्या कुलूपबंद करा, आजीच्या बीपी-शुगरच्यासुद्धा. शेतीवाल्या घरांनी फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून हलवा, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. हे आजच करायचं काम आहे, पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं नाही. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात. मूल त्या क्षणी स्वतःला इजा करेल असं वाटलं तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयात न्या, आणि त्याला एकटं सोडू नका.

खर्चाचं: खाजगीत प्रत्येक सत्राला पैसे मोजावे लागतात आणि ते सगळ्यांना परवडत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, तिथले समुपदेशक पुढे कुठे जायचं ते सांगतात. गर्दी असते, थांबावं लागतं, तरी जा.

दुबईकर_बाबा

मी इकडे, बायको-मुलगा पुण्यात. आमच्या समुपदेशकांनी मला व्हिडिओवर घेतलं. एकच अट घातली: फोन मुलाच्या हातात द्यायचा नाही, खुर्चीवर उभा करून ठेवायचा, म्हणजे मी सगळ्यांसारखा खोलीत बसलोय असं वाटतं. आणि मी गाडीतून किंवा साइटवरून जोडायचं नाही. लांब असलेल्या बापांनी "मी काय करणार" म्हणू नये.

खडूफळा

मी शिक्षिका आहे, पाचवी ते सातवी. शाळेला सांगावं की नाही हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. माझं मत: वर्गशिक्षकांना सांगा, पण मुलाला विचारून, आणि आजाराचं नाव न घेता चालत असेल तर तसं. "सध्या त्याच्यावर उपचार चालू आहेत, वर्गात सगळ्यांसमोर उत्तर विचारू नका, गृहपाठ राहिला तर मला कळवा, त्याला उभं करू नका" एवढं पुरतं. आम्हाला कारणापेक्षा काय करायचं ते सांगितलेलं बरं पडतं. मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर डबा खातो हे आम्ही तुम्हाला सांगू शकतो. समुपदेशकांना ही माहिती फार कामाची असते.

मोरपंखी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा यांचा प्रतिसाद नवऱ्याने स्वतः दोनदा वाचला. काही बोलला नाही, पण सत्राच्या दिवशी अर्धी रजा टाकून आला. सासूबाईही आल्या.

मॅडमनी पहिला प्रश्न सासूबाईंना विचारला: "आजी, हा बरा असताना कसा होता, ते तुम्ही सांगा." सासूबाई सुरूच झाल्या. तो त्यांना गोदाकाठी हात धरून कसा न्यायचा, प्रसादाचे पेढे खिशातून कसे आणायचा. मुलगा मान खाली घालून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "पेढे दोनच असायचे, तिसरा मी खायचो." त्याला असं बोलताना आम्ही कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं. मग मॅडमनी आजाराबद्दल समजावलं. मुलीने विचारलं, "म्हणजे दादा माझ्यावर चिडतो ते माझ्यामुळे नाही?" निरभ्र, तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच.

सगळं गोड झालं नाही. फळ्यावर गृहपाठाचा प्रसंग मांडताना नवरा आणि मी तिथेच भांडलो. मॅडमनी ते थांबवलं नाही, थोडं होऊ दिलं, आणि मग मुलाला विचारलं की आत्ता तुला काय वाटतंय. तो म्हणाला, "पोटात दुखतंय." खोलीत कुणीच काही बोललं नाही. त्याचं पोट कधी दुखतं हे आम्हा सगळ्यांना एकदम दिसलं.

आता आठवड्याचं काम असं: रोज रात्री प्रत्येकाने दुसऱ्या एकाला एक आभाराची चिठ्ठी लिहायची. गृहपाठाच्या वेळी आमच्यापैकी एकानेच बसायचं, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत जायचं. आणि रविवारी सगळ्यांनी मिळून काय करायचं ते मुलगा ठरवणार. गोळ्या कपाटात कुलपात गेल्या. माझ्या झोपेचंही मॅडमना सांगितलं.

एक प्रश्न उरला. सासूबाई चिठ्ठी लिहायला तयार आहेत, पण त्यांना लिहिता येत नाही नीट, आणि मुलाला सांगून लिहून घेणं बरं दिसेल का? आणि साधारण किती सत्रं लागतात?

निरभ्र

वाचून फार बरं वाटलं. पोटदुखीचा तो क्षण मॅडमनी ज्या पद्धतीने हाताळला त्यावरून तुम्ही चांगल्या हातात आहात असं मला वाटतं.

सासूबाईंनी तोंडी सांगावं. मुलाकडून लिहून घेऊ नका, नाहीतर आपल्याबद्दलचं कौतुक त्यालाच कागदावर उतरवावं लागेल. नातीने लिहावं हवं तर. आठ वर्षांची आहे, तिला ते आवडेल, आणि तिलाही घरात एक काम मिळेल.

सत्रांचं म्हणाल तर वर सांगितलेल्या बॉस्टनच्या पद्धतीत जास्तीत जास्त १५ होती, फिलाडेल्फियाची पद्धत १२ ते १६ आठवडे चालते. आपल्याकडे दर आठवड्याला जमत नाही, म्हणून लांबतं. साधारण चौथ्या-पाचव्या सत्राच्या आसपास घरं कंटाळतात. थोडं बरं वाटायला लागलेलं असतं आणि परीक्षा किंवा लग्नसराई येते. तिथे सोडू नका. शेवटच्या सत्रांमध्ये आजार परत डोकावला तर पहिली खूण कोणती असेल, ती कुणाच्या लक्षात येईल आणि मग कुणी काय करायचं, हे सगळे मिळून लिहून काढतात. तुमच्या घरात ती खूण पोटदुखी असण्याची शक्यता आहे, हे मॅडमना आत्ताच सुचवून ठेवा. चार-पाच सत्रांनंतरही काहीच फरक दिसला नाही तर तेही मोकळेपणाने बोला. उपचार बदलायचा की गोळीचा विचार करायचा, हे मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा ठरवतील.

गणिती, तुमच्या मुलीबद्दल वेगळा धागा काढलात तर तिथे लिहीन. इथे दोन्ही मिसळले तर मोरपंखींचे प्रश्न मागे पडतील.